एम.एस्सी.ची प्रयोगशाळा आणि उसाचा रस

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जैवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांना बहुधा पाठांतराची धास्ती असते. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या, क्रेब्ज चक्रातील विकरे (एन्झाइम), वीस अमिनो आम्लांच्या रचना हे सगळे लक्षात ठेवावे लागते का, असे ती विचारतात. ठेवावे लागते, आणि परीक्षेच्या रेट्याने ते राहतेही. मात्र हा विषय मला कळू लागला तो चक्रे पाठ करताना नव्हे, तर एका विकराचा वेग स्वतः मोजून पाहताना.

ते विकर म्हणजे इन्व्हर्टेज. बेकरीत मिळणारे यीस्ट खलात बारीक वाळूबरोबर घोटून, आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, म्हणजे बफरमध्ये, मिसळून सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवले की वरच्या पाण्यात ते उतरते. साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करणे एवढेच त्याचे काम. सुक्रोज डीएनएस या रंग बदलणाऱ्या अभिकारकाला दाद देत नाही, तिचे दोन्ही तुकडे मात्र देतात. त्यामुळे किती साखर फुटली हे रंगावरून ओळखता येते. आम्ही चढत्या तीव्रतेच्या सुक्रोजच्या नळ्या मांडायचो आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या अंतराने प्रत्येकीत विकर घालायचो. एकाने घड्याळावर नजर ठेवायची, दुसऱ्याने मायक्रोपिपेट चालवायचे, आणि वेळ भरली की त्याच क्रमाने डीएनएस घालून क्रिया थांबवायची. मग नळ्या उकळत्या पाण्यात ठेवल्या की पिवळ्याचा नारिंगी आणि नारिंगीचा विटकरी रंग होत जातो, परंतु शेवटच्या दोन-तीन नळ्यांत फरक दिसेनासा होतो. साखर वाढवली तरी वेग वाढत नाही, कारण विकराचा प्रत्येक रेणू आधीच कामाला जुंपलेला असतो. पुस्तकातील आलेखावरची कमाल वेगाची आडवी रेघ ती हीच, आणि ती रंगाची तीव्रता मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५४० नॅनोमीटरचे रीडिंग घेण्याआधी स्टँडमध्येच दिसते. विकर उकळून निकामी करून घातलेली, तुलनेसाठीची नळी शेजारी पिवळीच राहिलेली असते. तिच्याविना बाकी रंगांना अर्थ नाही.

लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये बर्लिनमध्ये साखरेची तीव्रता आणि क्रियेचा वेग यांचे नाते सांगणारे आपले समीकरण मांडले, तेही याच विकरावर. त्यांनी रंग न मोजता ध्रुवित प्रकाशाचे वळण मोजले, कारण सुक्रोजचे द्रावण प्रकाश उजवीकडे वळवते आणि फुटलेल्या साखरेचे मिश्रण डावीकडे. त्यांची खरी करामत मला समीकरणापेक्षा काटेकोरपणात दिसते: बफर वापरून आम्लता स्थिर ठेवणे आणि क्रियेचा फक्त सुरुवातीचा वेग धरणे. पुढे १९३४ मध्ये लाइनविव्हर आणि बर्क यांनी समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे व्यस्तांक घेऊन त्याच्या आलेखातील वक्राची सरळ रेषा केली, आणि ती जर्नलमध्ये काढायला सोपी म्हणून आजही शिकवली जाते. माझे मत विचाराल तर तिच्यावर फार विसंबू नये. सर्वांत कमी तीव्रतेचे, म्हणजे सर्वांत कमी भरवशाचे बिंदू व्यस्तांकामुळे अक्षापासून लांब जातात आणि सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेतात. संगणकावर थेट वक्र जुळवणे केव्हाही बरे.

कोल्हापूरच्या मुलाला यातले निम्मे घरीच माहीत असते. आमच्या चुलत्यांचे करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होते आणि तोडलेला ऊस पडून राहिला की ते अस्वस्थ व्हायचे. ‘शिळ्या उसाचा गूळ धरत नाही’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. तोडणीनंतर उसातले इन्व्हर्टेज आणि जखमेतून शिरलेले जंतू सुक्रोज फोडू लागतात, आणि रस आम्लधर्मी असल्यामुळे काहिलीच्या उष्णतेत ती आणखी फुटते. असा गूळ मऊ राहतो, हवेतले पाणी ओढतो आणि पावसाळ्यात पाघळतो. रसात घातलेला चुना आम्लता कमी करतो. भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी गाळ वर आणते आणि मळी काढता येते. माप गुळव्याच्या हातात असते, पीएच मीटर नसतो.

मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाचा एक फायदा वर्गात बसल्यावरच लक्षात येतो. गडहिंग्लजहून रसायनशास्त्र करून आलेला मुलगा बफरचे गणित चुटकीसरशी सोडवतो, पण यीस्ट हाताळताना बिचकतो. कराडहून सूक्ष्मजीवशास्त्र करून आलेल्या मुलीचे नेमके उलटे असते. दोघे एका बाकावर आले की प्रयोग पार पडतो. वसतिगृहात रात्री होणारी चर्चाही बहुधा रीडिंग का चुकले याचीच असते.

नेट या पात्रता परीक्षेतील जीवनशास्त्राच्या पेपरात जैवरसायनशास्त्र इतर शाखांबरोबर येते, तर गेट या परीक्षेच्या जीवनशास्त्र पेपरात रसायनशास्त्र सक्तीचे असून त्यासोबत जैवरसायनशास्त्र निवडता येते. दोन्हीकडे आकडेमोड आणि आलेख वाचन टाळता येत नाही. म्हणून प्रवेशाआधीच्या सुट्टीत चक्रे पाठ करण्यापेक्षा मोलरता, विरलीकरण आणि लॉगरिदम यांची उजळणी करावी. मायक्रोलिटरचे मिलिलिटर करताना अडखळणाऱ्याचे पहिले सत्र द्रावणे बनवण्यातच संपते.