तुम्ही विचारलंत म्हणून : एवढंसं विमान, त्याला महिना कशाला?

"एवढंसं प्लास्टिकचं विमान, त्याला महिना लागतो?" मॉडेल करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न चुकत नाही. घरी आलेले पाहुणे विचारतात, प्रदर्शनात टेबलापाशी थांबलेले आईबाप विचारतात, आणि ज्यांनी नुकतंच पहिलं किट एका रविवारात संपवलंय ते जरा संशयानेच विचारतात. त्यांचंही चूक नाही. खोक्यात सत्तर-ऐंशी तुकडे, सोबत चार पानांचा कागद. नुसतं चिकटवायचं म्हटलं तर दुपारच्या जेवणाआधी उरकेल.

हिशेब मांडायचा तर विमान प्रत्यक्ष हातात असतं ते पंचवीस-तीस तास. बाकीचे दिवस ते एखाद्या डब्याखाली झाकून वाळत पडलेलं असतं. एका रविवारचं विमान खेळण्यासारखं दिसतं ते हाताला कसब नाही म्हणून नव्हे; बहुतेक वेळा हे डब्याखालचे दिवस गाळलेले असतात. कुठले गाळले, तेही मॉडेल हातात घेतलं की कळतं.

उदाहरणाला हॉकर हरिकेन मार्क २सी घेऊ, १:७२ मापातलं. १९४४ साली इम्फाळला भारतीय हवाई दलाची १ नंबरची स्क्वाड्रन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली हरिकेनवरच लढली, त्यामुळे आपल्याकडे या विमानाला मागणी असते. पोलंडच्या आर्मा हॉबीचं या मापातलं किट उत्तम आहे. १:७२ म्हणजे खऱ्यातले सहा फूट इथे एक इंच. हरिकेनचे पंख टोकापासून टोकापर्यंत ४० फूट, म्हणून मॉडेल जेमतेम १६९ मिलिमीटर, वीतभरही नाही. हेच गणित उलटं लावून बघा. मॉडेलवर पाव मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या विमानात ती १८ मिलिमीटरची झाली. बोट जाईल अशी फट ठेवून विमान कोण उडवेल? डोळ्याला ते गणित येत नाही, पण "काहीतरी खोटं आहे" एवढं त्याला बरोबर समजतं.

सुरुवात धुण्यापासून. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य स्प्रूवर (ज्या प्लास्टिकच्या चौकटीला तुकडे जोडलेले असतात तिच्यावर) राहिलेलं असू शकतं. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन रात्रभर वाळवायचं. तुकडा स्प्रूपासून अगदी चिकटून कापू नका. दीड-दोन मिलिमीटर देठ ठेवून कापा, मग दुसऱ्यांदा कापा, उरलेलं ४०० आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. एका घावात कापलं की प्लास्टिक ताणलं जाऊन तिथे पांढरट डाग उठतो किंवा तुकड्याचा टवकाच निघतो.

कॉकपिट आधी, कारण धड बंद झालं की आत हात जात नाही. हरिकेनच्या कॉकपिटला सलग जमीन नव्हती. वैमानिकाचे पाय दोन पन्हळींवर, आणि खाली सगळा नळ्यांचा सांगाडा. आत करडा-हिरवा रंग, वाळल्यावर पातळ काळपट वॉश (खाचांत साचणारा पाण्यासारखा रंग), मग उंचवट्यांवरून जवळजवळ कोरडा ब्रश. आसनाचे पट्टे सोडून बाकी गोष्टींवर जीव टाकू नका, कॅनॉपी (वैमानिकावरचं काचेचं झाकण) बंद केल्यावर ते पट्टेच दिसतात. इथे एक गफलत हटकून होते. कॉकपिटच्या कडांना रंगाचे दोन थर चढलेले असतात, आणि तेवढ्यानेच धडाचे दोन भाग मिटेनासे होतात. मग लोक रबरबँड आवळून त्यांना दाबून बसवतात, सांधा तणावाखाली राहतो आणि आठवड्याने पाठीवर उघडतो. चिकटायच्या जागेवरचा रंग ब्लेडने खरवडून काढा, कोरडं जुळवून पाहा, बोटांनी हलकं धरून मिटत असेल तरच डिंक घ्या.

आता धडाचा सांधा. तुकडे जोडायला मिळणारं पातळ सिमेंट म्हणजे खरं तर डिंक नव्हेच. ते किटचं प्लास्टिकच, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवतं. दोन भाग जुळवून धरले आणि ब्रशचं टोक फटीला टेकवलं की ते आपोआप आत ओढलं जातं. दहा सेकंदांनी किंचित दाबलं की सांध्यातून मऊ झालेल्या प्लास्टिकचा केसासारखा मणी वर येतो. तो यायलाच हवा, पुढे तोच फट भरतो. पाच मिनिटांत सांधा पक्का वाटतो, आणि फसगत इथेच होते. वरून घट्ट असला तरी आत प्लास्टिक अजून मऊ आहे, त्यातला द्राव हळूहळू उडतोय. अशा वेळी पॉलिश पेपर फिरवून सगळं सपाट केलं तर त्या दिवशी सुरेख दिसतं. चार दिवसांनी द्राव उडून जातो, मणी आक्रसतो, आणि रंग दिलेल्या पाठीवर नाकापासून शेपटीपर्यंत एक बारीक खोलगट रेघ उमटते. पुट्टी खराब होती म्हणून लोक पुट्टीला शिव्या देतात. ती बिचारी निर्दोष असते. निदान २४ तास थांबा, जाड सांध्याला दोन-तीन दिवस. अगदीच घाई असेल तर फटीत सुपरग्लू भरा आणि तासाभरात घासून टाका. दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकपेक्षा कठीण होतो, मग पेपर आजूबाजूचं प्लास्टिक खातो आणि सुपरग्लूचा बांध तसाच उभा राहतो.

हरिकेनमध्ये याहून एक अडचण जास्त आहे. कॉकपिटमागचं धड पत्र्याचं नव्हतं. लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं कापड होतं. म्हणून मॉडेलच्या मागच्या अंगावर लांबट, अगदी हलके उंचवटे असतात आणि सांधा त्यांच्यामधून जातो. रुंद ठोकळ्याने घासलं की पाठीवरचे उंचवटे सपाट, आणि कापडाचा पत्रा झाला. सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावा, पेपरची तीन मिलिमीटरची पट्टी कापा आणि लांबीच्याच दिशेने घासा. पोटाखाली पंखाचा मागचा काठ धडाला मिळतो तिथेही अशीच फट राहते. ती पुट्टीने भरून लगेच थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढली तर घासावं लागतच नाही. पंख बसवताना समोरून पाहा : हरिकेनचा मधला भाग सपाट, तिथून पुढचे दोन्ही भाग वर उचललेले. कागदावर मधोमध उभी रेघ मारून दोन्ही टोकांची उंची मोजा, टेपने धरून ठेवा, रात्रभर हात लावू नका.

चाकांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शेपटीवर टेकणारं विमान आहे, त्यामुळे नाकात वजन भरायची भानगड नाही. ती एअराकोब्रासारख्या पुढे चाक असलेल्यांना.

प्रायमर करडा घ्या. त्याचं खरं काम चुगली करणं. न दिसलेले ओरखडे तो दाखवून देतो. दाखवले की परत घासणं, परत प्रायमर, परत एक रात्र. मग रंग. एअरब्रशला (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाला) ०.३ मिलिमीटरचं तोंड, दाब १५ ते २० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ. एका जाड थरापेक्षा चार झिरझिरीत थर बरे, मधे दहा-दहा मिनिटं. मुंबई-कोकणात जुलैमध्ये लॅकर जातीचा रंग मारणार असाल तर जरा दमानं. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग ताकासारखा पांढुरका होतो. संथ उडणारा थिनर वापरा, नळीत पाणी अडवणारा सापळा लावा, नाहीतर धो धो पावसाच्या दिवशी सरळ सुट्टी घ्या.

आधी खालचा फिकट रंग, मग मातकट, मग गडद हिरवा. दोन रंगांच्या सीमेवर खऱ्या विमानात इंचभर पसरट कड असली तर इथे ती ०.३५ मिलिमीटर होते. हात मोकळा सोडून मारलेल्या धुरकट कडा म्हणूनच खोट्या दिसतात. ब्लू-टॅकच्या (कणकेसारख्या चिकट पदार्थाच्या) बारीक वळकट्या सीमेवर ठेवा आणि एअरब्रश काटकोनात धरा. पंख्याच्या पात्यांची पिवळी टोकं आधी रंगवून झाका, काळा नंतर. काळ्यावर पिवळा चढवायला सहा थर लागतील.

डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायच्या चिन्हांच्या पापुद्र्यांच्या, आधी ग्लॉस वार्निश आणि एक दिवस. मॅट रंग सूक्ष्म खरखरीत असतो. डिकलखाली त्या खळग्यांत हवा राहते आणि पारदर्शक पापुद्रा चंदेरी चमकतो. एकदा चमकला की टाचणीने टोचून मऊ करणारं द्रावण सोडत बसावं लागतं. डिकल कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद, मग बाहेर मिनिटभर, मग सरकवा. द्रावण लावल्यावर तो सुरकुततो, अगदी मनुकेसारखा. त्या क्षणी बोट लावायचा मोह आवरा. तासाभरात तो आपणच ताणून बसतो. इम्फाळचं विमान करायचं असेल तर खोक्यातली युरोपातली गोल चिन्हं चालणार नाहीत. या आघाडीवर चिन्हातला लाल ठिपका काढून टाकला होता, जपान्यांच्या लाल सूर्याशी गल्लत होऊ नये म्हणून. उरलं ते गडद निळं वर्तुळ आणि फिकट मधोमध.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वार्निश, मग रेषांमध्ये इनॅमल वॉश, अर्ध्या तासाने टर्पेंटाइनला ओझरता लागलेल्या बोळ्याने हवेच्या प्रवाहाच्या दिशेने पुसणं. रंग उडाल्याचे चंदेरी टवके पंखाच्या मुळाशी, वैमानिक चढतो तिथे, आणि इंजिनाच्या झाकणांच्या कडांना. मागच्या धडावर कधीच नाही. कापडाखाली पत्रा नाही तर चमकणार काय? शेवटी मॅट वार्निश.

कॅनॉपी मी मुद्दाम शेवटी ठेवली. हरिकेनची कॅनॉपी म्हणजे खिडक्यांची जाळी. मिलिमीटरभर रुंद टेपच्या पट्ट्या प्रत्येक काचेच्या कडेने लावायच्या, मधली जागा मास्किंग फ्लुइडने (वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या द्रवाने) भरायची. आधी कॉकपिटचा करडा-हिरवा, त्यावर बाहेरचा रंग, म्हणजे आतून पाहिलं तर चौकट आतल्या रंगाची दिसते. हे काम दोन संध्याकाळी घेतं. चिकटवायला सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते आणि ती पुसायला वाट उरत नाही. साधं फेव्हिकॉल, किंचित पाणी घालून. ओलं असेपर्यंत ओल्या ब्रशने पुसता येतं, वाळलं की पारदर्शक.

टेप काढायची ती मॅट वार्निश पूर्ण वाळल्यावर. आधी ब्लेडचं टोक चौकटीच्या कडेने हलकं फिरवा, नाहीतर टेपबरोबर रंगाचा पापुद्राही उठेल. मग लाकडी टूथपिकने कोपरा उचला आणि टेप तिच्याच अंगावर दुमडत, सावकाश मागे ओढा. एक काच, मग दुसरी. आसनाचे पट्टे तेव्हा कुठे पहिल्यांदा दिसतात.