सरांनी शिकवलेले वसंतदादा

पाठ्यपुस्तकातलं बेचाळीसचं आंदोलन दीड-दोन पानांत आटोपायचं. आमच्या इतिहासाच्या सरांना ते मुळीच पटत नसे. पुस्तक मिटून ते टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "आता आपल्या सांगलीचं ऐका."

२४ जुलै १९४३. गणेशदुर्गातला तुरुंग. वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी भरदिवसा पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या, तट गाठला आणि खंदकात उड्या टाकल्या. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव यांना हौतात्म्य आलं. दादांच्या खांद्यात गोळी घुसली, ते पकडले गेले. हे सांगताना सरांचं बोट नकळत स्वतःच्या खांद्यावर जायचं. त्या दोघा हुतात्म्यांची नावं ते प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घेत. दादांना सारा महाराष्ट्र ओळखतो, ही दोन नावं तुम्ही जपायची, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे नववीच्या सहलीत त्यांनी आम्हाला तो तट बाहेरून दाखवला, आणि त्याच दिवशी साखर कारखान्यावर नेलं. उसाच्या गाड्यांची रांग, काटा, मोळ्या गिळणारी गव्हाण, मळीचा तो उग्र वास! माझ्या वडिलांचा ऊस इथंच यायचा, पण हा सहकारी कारखाना उभारणारा माणूस आणि तटावरून उडी घेणारा माणूस एकच, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं उमगलं. सरांचं सांगणंच ते होतं, की दादांची लढाई सत्तेचाळीसला थांबली नाही. प्लेगनं आई-वडील हिरावलेलं, आजीनं वाढवलेलं पद्माळ्याचं पोर १९५२ साली आमदार झालं, १९७७ साली मुख्यमंत्री. मधल्या राजकीय उलथापालथी सरांनी कधी रंगवून सांगितल्या नाहीत. कारखान्यावर मात्र ते तासभर बोलत.

दादांचं स्वतःचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. तरी १९८३ साली पुन्हा मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी आमच्याकडची मुलं देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात. ज्यांना ते परवडत नसे ती घरी बसत. मी अशाच एका नव्या महाविद्यालयात शिकलो. पुढे फी कुठल्या कुठे गेली, शिक्षणाचा धंदा झाला, हे मला आजही सलतं. पण ते दार उघडलं नसतं तर माझ्यासारखा शेतकऱ्याचा मुलगा इंजिनिअर झालाच नसता. १ मार्च १९८९ ला दादा गेले तेव्हा आमच्या घरात चूल पेटली नव्हती.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेकडे एकच मागणं आहे. दर वर्षी २४ जुलैला नववीच्या वर्गाला गणेशदुर्गापर्यंत न्यावं आणि तिथंच इतिहासाचा तास घ्यावा. एसटीचा खर्च आमची बॅच उचलेल.