पाऊणकी

माझा आजो वेंगुर्ल्याचा. सत्तरी ओलांडेपर्यंत रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जायचा. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडावर. त्यातली पाऊणकी तेवढी त्यानं मला शिकवली, आणि तीही शाळेसाठी नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज अष्टमी? आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. पंचमी असेल तर पावणेचार. पुनवेला नि अवसेला सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. एवढ्या भांडवलावर आजोनं आयुष्यभर जाळं कधी टाकायचं, कधी ओढायचं ते ठरवलं आणि घरात मासे कमी पडले नाहीत.

मी सर्फिंग करतो हे मात्र आजोला अजून पटलेलं नाही. कुडाळला इंजिनिअरिंगला असताना दर शनिवारी एका मित्राच्या मागे बसून गोव्यात आश्वेला जायचो आणि फळीवर उभं राहायला शिकायचो. पहिला महिना फक्त पडलो. घरी आल्यावर आजो पडवीतून विचारायचा, "कायेक गावला?" म्हणजे मासे. काही नाही म्हटलं की म्हणायचा, "मगे दिसभर फळकुटार उभो रवान केलंस काय?" आजीचं दुसरंच. दर्याची थट्टा करू नये, नारळी पौर्णिमेला आपण त्याला नारळ देतो, त्याच्या डोक्यावर उभं राहत नाही.

तर असा मी डेटा सायन्स शिकायला वेल्समधल्या स्वॉन्सीला आलो. युनिव्हर्सिटी निवडताना मी काय काय पाहिलं याबद्दल घरी एक यादी सांगितली होती. त्या यादीत नसलेली गोष्ट अशी की शहराला लागूनच गॉवर नावाचं द्वीपकल्प आहे आणि त्याला तिन्ही बाजूंनी लाटा लागतात. लँगलंड, कॅसवेल, पलीकडच्या टोकाला लँगेनिथ. कॅसवेल दक्षिणेला तोंड करून, तेव्हा तिथं उत्तरेचा वारा चांगला. लँगेनिथ पश्चिमेला, तेव्हा पूर्वेचा. हे मला पहिल्या आठवड्यात पाठ झालं. माझ्या विभागप्रमुखांचं नाव त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

व्हिसावर आठवड्याला वीस तास काम चालतं. ते वीस तास मी एका चिप्सच्या दुकानात बटाटे सोलून घालवले आणि पहिल्या पगारातून साडेसात फुटी जुना बोर्ड घेतला. वॅक्स गावाहूनच आणलं होतं, आश्वेच्या दुकानातलं, कारण इथल्या किमती मी आधीच रुपयांत करून बघितल्या होत्या. हा मूर्खपणा नीट सांगायला हवा. वॅक्स लावतात ते पाय घसरू नये म्हणून, आणि ते पाण्याच्या तापमानाप्रमाणे वेगवेगळं मिळतं. आपल्याकडच्या कोमट पाण्यासाठीचं वॅक्स मुळातच कडक असतं, नाहीतर उन्हात लोण्यासारखं वितळेल. वेल्सच्या चौदा अंश पाण्यात त्या वॅक्सचा देवळातला संगमरवर झाला. पहिल्याच लाटेवर मी उभा राहिलो आणि पाय अभिषेक झालेल्या फरशीवरून निघावेत तसे निघून गेले. हनुवटी बोर्डावर आपटली. दोन दिवस फक्त वरण-भात.

वेटसूट घालणं हा वेगळा अध्याय. आश्वेला आम्ही हाफपँटीवर पाण्यात जायचो. इथला सूट चार मिलिमीटर जाड, आणि त्यात शिरणं म्हणजे पाच किलोच्या पिशवीत सात किलो तांदूळ भरणं. पहिल्या दिवशी पार्किंगमध्ये वीस मिनिटं झटापट करून मी घातला, चेन छानपैकी छातीवर ओढली आणि ऐटीत निघालो. नऊएक वर्षांची एक मुलगी आइस्क्रीम खात उभी होती. तिनं मला अत्यंत सभ्यपणे सांगितलं की चेन पाठीवर येते.

हा सूट पाणी अडवत नाही, ही मला आलेली आणखी एक नवी माहिती. थोडं पाणी आत येतंच. ते तो धरून ठेवतो, आपल्या अंगाच्या उबेनं ते तापतं आणि मग आपण तग धरतो. तापवण्याचा एक झटपट उपायही आहे. तो आईला सांगितलेला नाही, आणि सूट तिच्या समोर कधी येणार नाही याचीही काळजी घेतली आहे.

घरी आलं की सूट वाळवायचा कुठं? आम्ही स्वॉन्सीच्या ब्रिनमिल भागात चौघं राहायचो, एक बाथरूम. मी तो शॉवरच्या दांडीवर हँगरला लावायचो. एका रात्री दोन वाजता नागपूरकर उठला, दिवा न लावता आत गेला, आणि मुंडकं नसलेला एक माणूस हात लोंबवत टपटप गळतोय असं त्याला दिसलं. तो जे ओरडला त्यानं शेजारच्या घरातले दिवे लागले. पुढे तो कित्येक दिवस बाथरूममध्ये जाताना "अबे, आहे का तो आत?" असं विचारून जायचा.

पण मला सांगायची आहे ती कोजागिरीची गोष्ट.

२०२३ ची कोजागिरी, २८ ऑक्टोबर, शनिवार. त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहणही होतं, त्यामुळे सकाळपासून चारही मुलांच्या चार आयांचे चार वेगवेगळे हुकूम येत होते. दूध चंद्रात ठेवायचं, ठेवायचं नाही, ठेवायचं पण वर तुळशीचं पान टाकायचं. स्वॉन्सीत तुळस कुठली! साताऱ्याच्यानं शेवटी जाहीर केलं की आपण बेसिलचं पान टाकू, चुलत भाऊच आहे. दुधाचं खातं त्याच्याकडे देऊन मी बोर्ड उचलला. आठला परत येतो म्हटलं.

लाटांसाठी अ‍ॅप बघितलं होतं. उंची, वारा, दोन लाटांमधले सेकंद, सगळं. भरती मात्र बघितली नाही. का बघू? आजोचा नातू. पुनव म्हणजे सव्वाअकराला भरती, सव्वापाचला सुकती. मी तीनला पोचणार म्हणजे पाणी मागं जात असणार.

कॅसवेलला तीन वाजता खरोखरच भरपूर वाळू होती. पिशवीत फोन, किल्ली, कपडे, बूट आणि पोह्यांचा डबा. ती मी पाण्यापासून पंचवीस-तीस पावलांवर ठेवली. अजून दोन तास पाणी मागंच सरकणार, तेव्हा ही जागाही लांब पडेल, असा हिशेब करून आणखी दहा पावलं पुढे नेऊन ठेवली.

लाटा त्या दिवशी सुरेख होत्या. कमरेएवढ्या, घाई नसलेल्या. चार-पाच तर शेवटपर्यंत मिळाल्या. मधे एकदा वाटलं की किनारा जवळ आलाय, पण लाट घेत घेत आपणच पुढे आलो असू असं धरून मी पुन्हा बाहेर वल्हवत गेलो. वाळूवरचे लोक भिंतीपाशी गेलेले दिसले. थंडी वाजत असेल त्यांना, म्हटलं.

पाचच्या सुमारास डाव्या हाताला पाण्यात काहीतरी काळं, गुळगुळीत वर आलं. बुडालं. पुन्हा वर आलं. गॉवरच्या किनाऱ्यावर राखाडी सील दिसतात हे वाचलं होतं, पण स्वतः कधी पाहिला नव्हता. मी हालचाल बंद केली. श्वाससुद्धा हळू घेऊ लागलो. तो माझ्याकडेच पाठ करून निवांत डुलत होता. दोन-तीन मिनिटं आम्ही असे एकमेकांच्या सहवासात काढली. मनात म्हटलं, आजोला सांगायला आज काहीतरी आहे. मग एक लाट आली, सील उलटा झाला आणि त्याला दोन पट्टे आणि कुडाळच्या दुकानाचं नाव दिसलं.

पिशवी मिळाली, किल्ली मिळाली. फोनमधून पाणी निघालं. पोह्यांच्या डब्याचं झाकण मात्र पक्कं निघालं, आईनं निवडलेला डबा. बाहेर आलो तेव्हा बाहेर असं फारसं उरलंच नव्हतं. सगळी वाळू गेलेली, भिंतीखाली एक पट्टा तेवढा शिल्लक. कुत्र्याला फिरवणाऱ्या आजोबांनी वरून हाक मारली की भरती सातला आहे, अजून बरीच यायची आहे, तेव्हा वर ये.

आता मला यातलं थोडं कळतं. आपल्याकडे सिंधुदुर्गात उधाणाला भरती-सुकतीत दोन-अडीच मीटरांचा फरक. ब्रिस्टल चॅनेल ही इथली खाडी नरसाळ्यासारखी आत अरुंद होत जाते, पाणी कोंडून वर चढतं, स्वॉन्सीला तोच फरक साडेआठ-नऊ मीटर. त्यातही भरती सारख्या वेगानं येत नाही, सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी चढते. तीन ते पाच हे नेमके ते दोन तास. म्हणजे मी लाटा मोजत बसलो होतो तोवर माझ्या पिशवीखालून दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढं पाणी वर आलं होतं.

बसचे पैसे फोनमध्ये होते. शिवाय एवढा मोठा, ओला बोर्ड घेऊन ड्रायव्हर आत येऊ देत नाही हे आधी एकदा अनुभवलं होतं. मग चालत निघालो. सात-आठ किलोमीटर, अंगात सूट, डोक्यावर बोर्ड, बुटांतून पचक पचक आवाज. वाटेतल्या मम्बल्स गावापासून शहरापर्यंत समुद्राकाठानं सरळ वाट आहे. ही वाट म्हणजे जुन्या रेल्वेची जागा. १८०७ मध्ये जगात पहिल्यांदा पैसे घेऊन रुळांवरून प्रवासी नेले ते याच मार्गावर, घोडे जुंपलेल्या डब्यातून. पुढे वाफेचं इंजिन आलं, १९२९ मध्ये विजेच्या दुमजली गाड्या आल्या, आणि १९६० मध्ये सगळंच बंद केलं. वाटेत पाटी आहे. ती मी त्या संध्याकाळी पूर्ण वाचली, आणि बंद करणाऱ्यांबद्दल माझ्या तोंडून जे निघालं ते मालवणीत होतं म्हणून बरं.

खाडीपलीकडे पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्याचे दिवे दिसत होते. टाटांचा कारखाना. झोतभट्ट्या तेव्हा चालू होत्या, शेवटची भट्टी पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर थंड झाली. त्या धुराड्यांच्या वर ढगांतून चंद्र आला, चांगला मोठा, कोजागिरीचा. को जागर्ति, कोण जागं आहे, असं लक्ष्मी विचारत फिरते म्हणतात. मी जागा होतो, ओला होतो, आणि हातात पोह्यांचा डबा होता. एका बाकावर बसून ते खाल्ले. समोरून धावत जाणाऱ्या दोघांनी मान हलवून नमस्कार केला. या गावात वेटसूट घालून पोहे खाणारा माणूस कुणालाही खटकत नाही.

घरी पोचलो तर दूध आटून बासुंदीच्या वाटेवर होतं. ग्रहणाच्या वादात निकाल असा लागला होता की लागायच्या आधी पिऊन टाकायचं. फोन तांदळाच्या डब्यात गेला. नागपूरकर म्हणाला, "आता उद्या खिचडीला वोडाफोनचा वास येईल."

रविवारी सकाळी त्याच्याच फोनवरून आजोला लावला.

"कायेक गावला?"

"गावली. माझीच पिशी."

सगळं सांगितलं. तिकडून आधी काहीच आवाज नाही. मग खोकला, मग हसू, मग पुन्हा खोकला आणि मागून आजीचा आवाज, "काय झाला हो?" हसू आवरल्यावर आजो म्हणाला, "अरे झिला, ती पाऊणकी हयली. थयल्या दर्याची येगळी आसतली. खरी भरती कितक्याक इली?"

"सातला."

"सव्वाअकराक होई होती, ती साताक इली. मगे पावणेआठ मिळव. रोज मिळव. झाला."

दहा सेकंदांत. मी ज्यासाठी कर्ज काढून इथं आलोय ते साधारण हेच. नंतर कळलं की जुने खलाशीसुद्धा असंच करायचे, पुनवेच्या नि अवसेच्या भरतीची वेळ प्रत्येक बंदराची वेगळी, ती टिपून ठेवली की बाकीचे दिवस त्यावरून निघतात. आजोकडे वेंगुर्ल्याचा आकडा होता. स्वॉन्सीचा त्यानं फोनवर काढून दिला.

फ्रिजवर चिठ्ठी लावली, "पाऊणकी अधिक पावणेआठ". आज प्रतिपदा, एक पाऊणे पाऊण, त्यात पावणेआठ मिळवले की साडेआठ. म्हणजे सकाळी साडेआठला भरती आणि अडीचला सुकती. पाणी खाली असताना कॅसवेलचे खडक बघून ठेवावेत म्हणून स्वयंपाकघरातल्या ओव्हनच्या घड्याळावर वेळ पाहून दुपारी निघालो. फोन अजून तांदळातच होता.

माझ्या हिशेबानं अडीचला पोचलो तर पाणी वळून पुढे सरकत होतं. आजोचं चुकलं? शक्यच नाही. कालचेच आजोबा कुत्र्यासह भिंतीवर बसले होते. त्यांना वेळ विचारली.

"दीड," ते म्हणाले. पहाटे घड्याळं तासभर मागे केली, दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतात.

मी डोक्यात गणित पुन्हा मांडायला लागलो. भिंतीपलीकडच्या पार्किंगमध्ये एक कठडा होता, त्याला पिशवी अडकवली, पट्ट्यांना दोन गाठी मारल्या. आजोबांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कुत्र्याचा पट्टा सोडून तिच्या खाली जागा करून बसले.