फिलाडेल्फियाचं ईस्टर्न स्टेट कारागृह: उन्हाळ्यात गाडीने जाताना

न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन गाडीने जाणारे बहुतेक जण फिलाडेल्फियात लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेपाशी फोटो काढतात आणि पुढे निघतात. न्यूयॉर्कहून हे शहर साधारण ९५ मैलांवर आहे, म्हणजे मधला मुक्काम म्हणून सोयीचं. अर्धा दिवस हातात असेल तर तो मी बेलला न देता फेअरमाउंट अव्हेन्यूवरच्या या जुन्या तुरुंगाला देईन.

न्यू जर्सीकडून येताना बेंजामिन फ्रँकलिन पुलावर टोल पडतो, उलट दिशेला पडत नाही. खरी अडचण पार्किंगची. तुरुंगाभोवती सगळी वस्तीच आहे आणि कडेच्या जागा बऱ्याच ठिकाणी रहिवाशांच्या परवान्याच्या. एकाच खांबावर दोन-तीन पाट्या असतात, त्या सगळ्या वाचाव्यात. वरची वाचून खालची सोडली की काचेवर दंडाची पावती येते. मीटरपेक्षा पैसे भरून लावायची मोकळी जागा बरी, कारण आत वेळेचं भान राहत नाही. दोन-अडीच तास धराच.

बाहेरून हा किल्लाच वाटतो. ३० फूट उंच दगडी भिंत, बुरूज, बाण मारायला ठेवल्यासारख्या फटी. त्या फटी नुसत्या देखाव्याच्या, रस्त्यावरून जाणाऱ्याला धाक बसावा म्हणून. तुरुंग १८२९ मध्ये सुरू झाला, वास्तुरचनाकार जॉन हॅविलंड. त्यामागचा विचार क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रभावाखालचा: कैद्याला मारझोड न करता पूर्ण एकांतात ठेवायचं, म्हणजे तो आपोआप पश्चात्ताप करील.

आत गेल्यावर लगेच कुख्यात गुंड अल कपोनच्या कोठडीकडे धावू नका. आधी मधल्या गोल चौकात उभं राहा आणि जागच्या जागी फिरा. कोठड्यांचे मूळचे ७ ब्लॉक चाकाच्या आऱ्यांसारखे इथून फुटतात; एका पहारेकऱ्याला सगळे बोळ दिसावेत ही योजना. अंदमानचं सेल्युलर जेल पाहिलेल्यांना ओळख पटेल, तिथेही मध्ये मनोरा आणि ७ पंख होते. कैद्यांची नजरानजर होऊ नये म्हणून अंदमानात एका पंखातल्या कोठडीसमोर पुढच्या पंखाची पाठ येते. इथे तळमजल्यावरच्या प्रत्येक कोठडीला मागे उंच भिंतींचं स्वतंत्र अंगण दिलं.

मग पहिल्या ब्लॉकमध्ये जा. कोठडी साधारण ८ फूट रुंद, १२ फूट लांब, छताला एकच झरोका. सुरुवातीच्या कोठड्यांना बोळाकडून दारच नव्हतं, फक्त जेवण सरकवायला भोक. कैदी आत जायचा तो अंगणातून. हे काही चालवता येईना, म्हणून बांधकाम सुरू असतानाच बोळाकडून दारं आली. कोठडीत शौचकूप होता आणि नळही. त्या काळात व्हाइट हाउसमध्येही नळाचं पाणी आलं नव्हतं. ही चैन नव्हे. पाण्यासाठी कोठडीबाहेर पडला तर एकांत मोडेल, एवढाच हिशेब. बाहेर न्यायचंच झालं तर डोक्यावर बुरखा घालत. आणि तरी कैदी त्याच नळांवर ठोकून एकमेकांशी बोलत!

सातवा ब्लॉक दुमजली आणि सगळ्यांत देखणा. वरच्या झरोक्यांतून येणाऱ्या उजेडात तो चर्चसारखा दिसतो. याच ब्लॉकमधून १९४५ मध्ये बँक लुटारू विली सटनसह १२ जण सुमारे १०० फुटांच्या भुयारातून भिंतीपलीकडे निघाले. सटन काही मिनिटांतच पुन्हा पकडला गेला.

पुढचे ब्लॉक पाहताना जागेची ओढाताण कळते. योजना सुमारे २५० कैद्यांची, १९२० च्या दशकात संख्या १,७०० च्या आसपास. आऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत नवे ब्लॉक कोंबले, बारावा तर तिमजली. एका कोठडीत एकापेक्षा जास्त माणसं आली, आणि १९१३ मध्ये एकांताची पद्धत अधिकृतपणेही सोडून दिली. कपोन आला १९२९ मध्ये, म्हणजे त्या प्रयोगाच्या बऱ्याच नंतर. त्याच्या कोठडीपुढे कायम रांग असते. ती पाच मिनिटांत उरकावी. वेळ पहिल्या ब्लॉकला द्यावा.

तुरुंग १९७१ मध्ये बंद पडला, आत झाडं माजली, १९९४ पासून रोज लोकांना दाखवू लागले. तो मुद्दाम नवा केलेला नाही, पडझड होती तशी थांबवलीय. त्यामुळे जमीन खडबडीत, भिंतींचे पापुद्रे सुटलेले, पावसानंतर डबकी. चपला नकोत, पुढून बंद बूट घाला. लहान मुलांना भिंतीला हात लावू देऊ नका.

जुलैत इथे दुपारी ३०-३२ अंश सहज होतं, त्यात दमट हवा. जाड भिंतींमुळे कोठड्यांत थोडं बरं वाटतं, पण वारा नाही. झरोक्यातला उजेड फोटोसाठी दुपारी बाराच्या सुमारास उत्तम, अंगात त्राण सकाळी उत्तम. म्हणून सकाळी आधी अंगणं आणि मोकळी जागा उरकावी, ऊन डोक्यावर आलं की कोठड्यांत शिरावं. अभिनेता स्टीव्ह बुसेमीच्या आवाजातली ऑडिओ टूर घ्यावी. ती नसेल तर सगळ्या कोठड्या सारख्याच वाटतात. पुढे पश्चिमेकडे जायचं असेल तर चारच्या आत निघा, आय-७६ महामार्ग संध्याकाळी दोन्ही बाजूंनी तुंबतो.