तेव्हाच कसं कळलं नाही?

चुकलेल्या निर्णयाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून: "आता सगळं लख्ख दिसतंय, मग तेव्हाच का दिसलं नाही?"

कारण तेव्हा ते लख्ख नव्हतंच. निकाल कळला की त्याच्याशी जुळणाऱ्या खुणा आठवणीत ठळक होतात, बाकीच्या पुसट. १९७५ साली बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना १८१४ मधल्या इंग्रज-गुरखा संघर्षाची हकीकत वाचायला दिली. शेवट चार शक्य होते: इंग्रज जिंकले, गुरखे जिंकले, तहाविना कोंडी, तह होऊन कोंडी. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट 'खरा' म्हणून सांगितला. ज्यांना जो सांगितला, त्यांना तोच मुळात जास्त संभाव्य वाटला. 'शेवट माहीत नाही असं समजून उत्तर द्या' म्हटलं, तरी हा कल गेला नाही.

म्हणून जुना निर्णय तपासताना आठवणीवर विसंबू नका. त्या वेळचे मेसेज, मेल, कागद काढा. जुन्याकडून नव्याकडे, तारखेने वाचा आणि निर्णयाच्या दिवशी थांबा. पुढचा एकही मेसेज उघडायचा नाही (बहुतेकांचा संयम इथेच सुटतो). मग तीन रकाने करा: काय माहीत होतं, विचारलं असतं तर काय कळलं असतं, काय कळणं शक्यच नव्हतं. चूक शोधायची ती पहिल्या दोनांत; तिसऱ्यासाठी स्वतःला कोसण्यात अर्थ नाही. शिवाय उलट घडलं असतं तर त्याची कोणती कारणं दिली असती, तीही दोन-तीन लिहा. ती भराभर सुचली, तर निकाल 'उघड' नव्हता.

पुढच्या निर्णयांची नोंद मात्र आधीच हवी. चार ओळी पुरतात: "नवी नोकरी घेतोय. सहा महिन्यांनी काम आवडत असेल: ७० टक्के. माहीत नाही: वरिष्ठ कोण. १ सप्टेंबरला बघायचं." आकडा टाळून 'बहुधा' लिहिलं, की नंतर त्याचा हवा तो अर्थ काढता येतो. जुनी नोंद खोडायची नाही; खाली तारखेसह नवी ओळ.

एक अंदाज चुकला म्हणून काही सिद्ध होत नाही. ७० टक्के म्हणजे दहात साधारण तीनदा उलट होणारच. अशा वीसेक नोंदी साठल्या की मोजा. चौदाच्या आसपास खऱ्या ठरल्या तर ठीक. आठच ठरल्या, तर तुमचे ७० टक्के फुगलेले आहेत.

आणि यशस्वी झालेले निर्णयही याच रकान्यांत घाला. ते सहसा कोणी उघडत नाही.