छत्री

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, संपता संपता एक सूचना होते. शेवटचा आशीर्वाद बाकी असतो, पंख्याखाली जागा मिळालेले पेंगत असतात, न मिळालेले मिस्सेच्या पुस्तकाने वारा घेत असतात. फादर कागद उलगडतात आणि वाचतात, "यंदा दहावी, बारावी, पदविका, पदवी व पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या धर्मग्रामातील विद्यार्थ्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स अमुक यांच्याकडे जमा करावी." गेली अकरा वर्षं तो अमुक मी आहे.

मी शिक्षक नाही, युवा मंडळात शोभण्याचं माझं वय नाही, आणि गुणपत्रिका या वस्तूशी माझे संबंध कधीच सलोख्याचे नव्हते. तरीही हे काम मी मागून घेतलंय. का, ते सांगतो. पण आधी झेरॉक्सच्या मागे मी पेन्सिलीने जे लिहून घेतो त्याबद्दल. वडिलांचं नाव आणि आळी. हे दोन्ही नसेल तर झेरॉक्स घेत नाही, मग टक्के नव्वद का असेनात. नवी पोरं कुरकुरतात. "अंकल, नाव आहे ना वरती!"

नाव आहे, पण वसईत नुसत्या नावाने काय होतं? पोर्तुगीज इथे 1534 साली आले आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतल्यावर गेले. जाताना आडनावं तेवढी ठेवून गेले. लोपीस, परेरा, डिमेलो, डायस, रॉड्रिग्ज, तुस्कानो, फरगोज, घोन्साल्विस. बाहेरचा माणूस ही नावं वाचून आम्हाला गोव्याचे समजतो आणि मग आमच्या आजीचं कादोडी, म्हणजे आमची वसईची बोली, ऐकून बिचारा आणखीच गोंधळतो. आडनावांचा साठा एवढाच, आणि लोकसंख्या वाढतेय. पहिल्या नावांचंही तसंच. त्यांची लाट येते. एका लाटेत सगळे विल्सन आणि नेल्सन, दुसरीत सगळे रोशन आणि रोहन. नाताळच्या आठवड्यात जन्मलेला मुलगा नोएल झाला नाही तर शेजारी कारण विचारतात. त्यामुळे एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच नावाचे तिघे-चौघे सहज सापडतात, आणि पोस्टमन त्यांना आळीवरून आणि बापावरून ओळखतो.

माझं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर किमान पाच जणांचे फोन येतील.

दहावी झालो ते साल 1994. तेव्हा निकाल जूनमध्ये लागायचा आणि सत्कार त्यानंतरच्या रविवारी व्हायचा, म्हणजे पाऊस सुरू झालेला असायचा. म्हणून बक्षीस छत्री. काळी, लांब, वाकड्या लाकडी मुठीची. आमच्याकडे कुणी ठरवून अशी प्रथा पाडली असेल असं वाटत नाही. चिखलातून ओल्या पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या ट्रॉफ्या आणण्यापेक्षा छत्र्या आणणं बरं, एवढाच विचार असेल. मला 53 टक्के होते. सत्कार 70च्या वरच्यांचा. मी मागच्या बाकावर आईशेजारी बसून कुणाला किती पडले ते ऐकत होतो. आणि फादरांनी माझं नाव घेतलं.

ते माझं नव्हतं. दुसऱ्या आळीत माझा एक नामबंधू होता, त्याला 79 टक्के होते. हे मला पहिल्या क्षणी कळलं, पण आईला नाही. तिने मला असा काही रेटा दिला की मी उठून उभा राहिलो आणि मधल्या वाटेने चालायला लागलो. टाळ्या वाजत होत्या. वेदीपर्यंतचं ते अंतर मी हजार वेळा चाललो असेन, पण त्या दिवशीइतकं लांब ते कधी झालं नाही. मध्येच थांबून "तो मी नव्हे" म्हणायला जे धैर्य लागतं ते 53 टक्केवाल्याकडे नसतं. छत्री घेतली, फादरांचा हात हलवला, परत आलो. वाटेत उजव्या हाताच्या खांबाजवळ तो उभा होता. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. एक पाऊल पुढे टाकलेलं, ते तसंच.

संध्याकाळी बाबा मला आणि छत्रीला घेऊन त्यांच्या घरी गेले. त्याच्या आईने चहा दिला, वर सुकेळी दिली आणि छत्री काही केल्या घेतली नाही. "राहू दे, आमच्याकडे आहे." फादरांकडे गेलो तर ते इतके हसले की त्यांना खोकला आला. चांगल्यावर आणि वाइटावर पाऊस सारखाच पडतो असं शुभवर्तमानात आहेच, म्हणाले. पुढच्या रविवारी त्याला दुसरी छत्री देऊ असंही म्हणाले, आणि त्याच महिन्यात त्यांची बदली झाली.

ती छत्री मी आठ पावसाळे वापरली. काडी मोडली की दुरुस्त करून आणायचो. टाकवत नव्हती आणि मिरवताही येत नव्हती.

तर, वडिलांचं नाव आणि आळी.

आता निकाल मे महिन्यातच लागतो, त्यामुळे सत्काराची आणि उन्हाळी शिबिराची गाठ पडते. शिबिर म्हणजे पहिली ते सातवीच्या पोरांचं. सकाळी प्रार्थना, मग हातवारे करत म्हणायची गाणी, बायबलमधल्या गोष्टींच्या नाटुकल्या, कागदकाम, लिंबू सरबत, रस्सीखेच. बघणाऱ्याला वाटतं सिस्टर आणि फादर शिबिर चालवतात. चालवतात ती दहावीची परीक्षा देऊन बसलेली पोरं. मार्चमध्ये पेपर संपला की निकालापर्यंत त्यांना ना शाळा असते ना कॉलेज, घरात आई सारखी काहीतरी कामाला लावते, म्हणून ती चर्चच्या आवारात येऊन पडतात. त्यांच्या रिकामपणावर धर्मग्रामाचा निम्मा उन्हाळा निघतो. खुर्च्या लावणं, माइकची वायर ओढणं, क्रिकेटच्या सामन्याचे स्कोअर लिहिणं, आळीच्या क्रूसापुढे जपमाळ झाली की उकडलेले चणे वाटणं. चणे वाटताना हात राखून वाटायचे की मूठभर द्यायचे, हे शिकायला हा एकच उन्हाळा असतो. पुढच्या वर्षी त्यांना क्लास असतात.

2025चं शिबिर मी विसरणार नाही. प्रश्नमंजूषेचे कागद सिस्टरांनी एप्रिलच्या सुरुवातीलाच छापून ठेवले होते. प्रश्न सातवा : आपले पोप कोण? उत्तर फ्रान्सिस. 21 एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस गेले. मग कागदांवर पट्टी चिकटवायचं ठरलं, पण पट्टीवर लिहायचं काय? 8 मे रोजी नवे पोप निवडल्याचा पांढरा धूर निघाला आणि लिओ चौदावे आले. दहावीच्या मुलींनी बसून दीडशे कागदांवर उत्तर दुरुस्त केलं. कुणीतरी मोबाइलवर वाचलं की नवे पोप गणिताचे पदवीधर आहेत, आणि ही बातमी तासाभरात सगळ्या आयांपर्यंत पोचली. त्या आठवड्यात आमच्याकडे गणितात कमी पडणाऱ्या पोरांचे जे हाल झाले, त्याची व्हॅटिकनला कल्पना नसावी.

शिबिराचा दुसरा दिवस 13 मे. दुपारी एकला दहावीचा निकाल. दहा मिनिटं आधीपासून एकही ताई किंवा दादा जागेवर नव्हता. सगळे घंटेच्या मनोऱ्याखाली, कारण तिथे रेंज येते. सभागृहात शंभरेक पोरं, नोहाच्या तारवासाठी कापलेले पुठ्ठे आणि फेव्हिकॉल; मोठं माणूस म्हणून एकटा मी. संकेतस्थळ उघडत नव्हतं. मग एकदम किंचाळी ऐकू आली. मग आणखी एक. आतली पोरं हात वर करून ओरडायला लागली, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला होता, म्हणजे मनोऱ्याखालच्या जवळपास सगळ्यांना आनंद व्हायला हरकत नव्हती. तरी एक मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. पास झाला होता, फक्त घरी सांगण्याइतका नाही. पाच मिनिटांनी तो आत आला आणि तारवाच्या छपराला फेव्हिकॉल लावत बसला. त्याने लावलेलं छप्पर शेवटपर्यंत उचकटलं नाही, बाकीचं तारू दुसऱ्या दिवशी सुटं झालं.

रात्री यादी टाइप करायला बसलो की मला दरवर्षी संतांची आठवण होते. सगळ्या धर्मग्रामांतल्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हियानी. 1929 मध्ये त्यांना हा मान मिळाला. फ्रान्सच्या या माणसाला लॅटिन काही केल्या येईना, धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतून घरी पाठवलं होतं. कुपरतिनोचे संत जोसेफ हे परीक्षार्थींचे संत. त्यांना जेमतेम एक उतारा नीट येत होता, आणि तोंडी परीक्षेत नेमका तोच विचारला गेला असं सांगतात. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानात जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर कित्येक वर्षं राबले, पण त्यांनी काही यांना आपल्यात घेतलं नाही. शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात गेले, तेही साधे ब्रदर, आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर गेले. म्हणजे ज्यांच्या तसबिरींखाली उभं राहून आपण टक्के वाचतो त्यातल्या निम्म्यांना आमच्या 70च्या अटीत छत्री मिळाली नसती.

हे मी एकदा आमच्या तरुण फादरांना बोलून दाखवलं. त्यांना पटलं, आणि तरुण माणसाला पटलं की तो ते करतो, ही अडचणच. त्या वर्षी त्यांनी नुसती नावं वाचली. टक्के नाहीत, अट नाही, पास झालेल्या सगळ्यांची नावं, आळीवार. मला वाटलं किती छान. चर्चमध्ये मात्र विचित्र शांतता. लोक टाळ्या वाजवायचे पण किती जोरात वाजवायच्या ते कुणाला कळेना. मिस्सा सुटल्यावर आवारात मावश्यांनी एकेका पोराला गाठून मनगट धरून विचारलं, "किती?" जे काम वेदीवरून दहा मिनिटांत व्हायचं त्याला तिथे पाऊण तास लागला. पुढच्या वर्षी टक्के परत आले. 70ची अट मात्र गेली ती गेलीच. आता 41 टक्केसुद्धा माइकवरून वाचले जातात, आणि खरं सांगतो, 41ला टाळ्या अधिक पडतात.

बक्षिसाचा मात्र दरवर्षी वाद. युवा मंडळाला बाटल्या हव्या असतात, मफिनच्या आकाराचे स्पीकर हवे असतात. 2025चा निकाल लागला त्या संध्याकाळी बैठकीत मी म्हटलं, छत्री. सगळे हसले. "अंकल, मे महिन्यात छत्री? उन्हासाठी का?" मी हट्टाला पेटलो. दोन मतांनी छत्री जिंकली. त्यातलं एक मत सिस्टरांचं, त्यांनी बहुधा माझी दया आली म्हणून दिलं. मग त्या मे महिन्याने जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. अवकाळी थांबेचना, वेलीवरचा वाल कुजला, लग्नाचे मांडव वाहून जायची वेळ आली, आणि 26 तारखेला हवामान खात्याने मुंबईत मॉन्सून आल्याचं जाहीर करून टाकलं. इतक्या लवकर तो पंच्याहत्तर वर्षांत आला नव्हता म्हणे. आमचा सत्कार आदल्याच दिवशी, 25ला. युवा मंडळ माझ्याकडे हवामानतज्ज्ञ म्हणून बघू लागलं. मी नाही म्हटलं नाही.

झेरॉक्स द्यायच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. बाहेर धो धो पाऊस. दारात माझा नामबंधू, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, शर्टाच्या आत जपून आणलेला कागद. गेली काही वर्षं तो दुबईला असतो, सुट्टीवर आला होता. मुलगी बारावी झाली, सायन्स, 83 टक्के. मी सवयीने कागद उलटा केला, पेन्सिल घेतली.

"वडिलांचं नाव?"

तो बघत राहिला. मग मीच माझं नाव लिहिलं. आळी त्याची.

आतून बायकोने चहा आणला. गेल्या एकतीस वर्षांत आम्ही लग्नांत, मयतींत, सणांत शंभरदा भेटलो असू, पण त्या गोष्टीबद्दल एक अक्षर कधी बोललो नव्हतो. आजही बोलायचा विचार नव्हता. तो चहा पीत पीत कोपऱ्यातल्या खोक्याकडे बघत होता. घाऊक दुकानातून आणलेल्या घडीच्या छत्र्या, चार डझन, निळ्या.

"यंदा हे देताय?"

"हो."

त्याने कप खाली ठेवला, पिशवी झटकून डोक्यावर धरली आणि उंबऱ्यात थांबला.

"मग आमच्या घरच्या दोन धर," म्हणाला.