कोतवालाचा डोळा

अमळनेर-पारोळा पट्ट्यात कॅमेरा गळ्यात दिसला की लोक हतनूर धरणावर जायला सांगतात. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, बदकं उतरतात, हे खरं. पण माझी ७०-३०० लेन्स त्या पाण्याला पुरत नाही. बदक फोटोत ज्वारीच्या दाण्याएवढं येतं. म्हणून बांधावरचेच पक्षी धरले, आणि त्यातही हट्टाने कोतवाल.

कोतवाल दिसतो कुठेही, पण फोटोत फसवतो. अंगभर काळा, खाली काळं रान, वर पांढरट आभाळ. तारेवरचा टिपला की नुसती आकृती आणि दुभंगलेली शेपटी मिळते. डोळा शोधावा लागतो. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्यावर आणू बघतं, त्यामुळे उजळ आभाळापुढे पक्षी आणखी काळवंडतो. मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, +१ वर (एक पायरी उजळ) ठेवतो. आभाळ फटफटीत झालं तर होऊ दे. गायबगळ्याला मात्र उलट, उन्हात -१, नाहीतर पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरीफटक येतात. दोघं एकाच चौकटीत आले तर बगळा सांभाळायचा. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, न प्रक्रिया केलेल्या फाइलमध्ये) कोतवाल नंतर थोडा उजळता येतो, जळालेल्या पांढऱ्यात काहीच उरलेलं नसतं.

हे सगळं घरबसल्या शिकता येतं. जवळ कसं जायचं, ते मात्र शेतातच कळलं. गव्हाला पाणी भरताना भेगांतले किडे, नाकतोडे वर निघतात. धोबी, साळुंक्या, बगळे पाण्याच्या धारेपुढे चालत असतात. कोतवाल बांधावरच्या खुंटावरून झेपावतो, किडा धरतो आणि बहुतेक वेळा त्याच खुंटावर परततो. म्हणजे पक्ष्यामागे धावायचं कारणच नाही. सूर्य पाठीशी घेऊन खाली बसायचं, खुंटावर फोकस लावायचा, शटर १/१६०० सेकंद आणि वाट बघायची. अडचण एकच: पाणी कधी भरणार हे शेतीची लाइट दिवसा आहे की रात्री, यावर ठरतं. त्यामुळे पक्ष्यांच्या पुस्तकापेक्षा लाइटचं वेळापत्रक मला जास्त पाठ आहे.

पाणी भरणारे बाबा हसायचे. "कोतवालना काय फोटू काढी ऱ्हायना भाऊ? तो तं रोज आठेच बठस!" तो रोज इथेच बसतो, मला तेवढीच माहिती हवी होती.

तिरप्या उन्हात एकदाचा तो मनासारखा मिळाला: पिसांवर निळसर झाक, चोचीच्या मुळाशी बारीक पांढरा ठिपका आणि गडद तपकिरी डोळ्यात उजेडाचा कण. ऊन चढल्यावर काढलेले त्याच सकाळचे बाकीचे फोटो मऊ, म्हणजे धूसर आले. तापलेल्या काळ्या रानावर झळा उठू लागल्या की महागड्या लेन्सचंही काही चालत नाही.

टिटवीच्या वाटेला मी मार्चपासून जात नाही. ती उघड्या ढेकळांत अंडी घालते. माणूस जवळ रेंगाळला की उठून ओरडत फिरते आणि तेवढा वेळ अंडी उन्हात तापतात. त्या दिवसांत तारेवरचे वेडे राघू बरे. तेही माशी धरून बऱ्याचदा त्याच जागी येतात.